फळ म्हणजे ठिबक, रस म्हणजे मोकाट पाणी



मृग बहाराची तोडणी चालू आहे. या दिवसांत माझ्या खिशात दोन वस्तू असतातच, एक कात्री आणि दुसरं ब्रिक्स मीटर. व्यापारी बागेत आला की पहिला प्रश्न गोडीचा. फोनवर पाहुण्यांचा प्रश्नही ठरलेला, “भाऊ, पेशंट दवाखान्यात आहे, रसासाठी चांगली मोसंबी काढून ठेवा.” “पेशंटला खायला मोसंबी द्या” असं म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटलाय. आंबा खायचा, पेरू खायचा, बोरं खायची, पण मोसंबी मात्र प्यायची, असं आपल्याकडं ठरूनच गेलंय.

जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. बदनापूरला खास मोसंबी संशोधन केंद्र आहे. आपण खुंट कोणता, ताण किती दिवस, फळगळ का, यावर रात्र रात्र बोलतो. पण तोडणीनंतर ते फळ कुणाच्या पोटात कोणत्या रूपात जातं, यावर कधी बोलत नाही. गावात आता गल्लीगल्लीत शुगरच्या गोळ्या चालू असलेली माणसं आहेत. त्यातली निम्मी “फळ बंद केलंय” म्हणतात आणि निम्मी “घरचा रस आहे, त्याला काय होतंय” म्हणतात. माझ्या मते दोघांचंही चुकतंय. ते का, हे आज आकड्यांसकट मांडतो.

आधी वजनकाटा

परवा चार मध्यम फळं काट्यावर ठेवली. 760 ग्रॅम भरली. साल काढल्यावर 570 ग्रॅम राहिली. हाताच्या यंत्रावर रस काढून गाळणीतून गाळला, तो भरला 340 ग्रॅम. उरलेला 230 ग्रॅम चोथा, फोडींवरचे पडदे आणि बिया. फळ कसं पोसलंय, साल किती जाड, यंत्र कोणतं, यावर हे आकडे थोडे मागंपुढं होतील. तुमच्याकडं करून बघा.

या हिशोबानं ज्यूस सेंटरवरचा 250 मिलीचा ग्लास भरायला तीन फळं लागतात, म्हणजे सालीसकट अर्ध्या किलोच्या वर माल. आता एका बैठकीला तीन मोसंबी सोलून, फोडी चावून खाऊन बघा. दुसऱ्या फळालाच हात थांबतो. ग्लास मात्र उभ्या उभ्या दोन मिनिटांत संपतो आणि वर “अजून अर्धा भर” असंही आपण म्हणतो.

ब्रिक्स मीटर काय सांगतं

आपण ब्रिक्स बघतो ते भावासाठी. तेच यंत्र ग्लासातली साखरही सांगतं. ब्रिक्स 10 म्हणजे 100 ग्रॅम रसात साधारण 10 ग्रॅम विरघळलेले घटक. गोड फळात त्यातला मोठा हिस्सा साखरेचा असतो, बाकी आम्लं, क्षार वगैरे. अदमासासाठी दहातले आठ भाग साखर धरा. 250 मिलीच्या ग्लासाचा हिशोब असा येतो:

मोसंबी, ब्रिक्स 10: साखर अंदाजे 20 ग्रॅम
डाळिंब, ब्रिक्स 15: अंदाजे 30 ग्रॅम
द्राक्ष, ब्रिक्स 18: अंदाजे 36 ग्रॅम, थोडी जास्तच

चहाचा एक चमचा 5 ग्रॅमचा धरला तर मोसंबीच्या ग्लासात चार चमचे, डाळिंबाच्या सहा आणि द्राक्षाच्या सात. ही वरून न घालता फळातलीच साखर आहे. ज्यूसवाला पाक घालतो तो वेगळा. बाटलीतल्या कोल्ड्रिंकमध्ये 100 मिलीला साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते, म्हणजे 250 मिलीला 26-27. साखरेपुरतं बोलायचं तर मोसंबीचा ग्लास त्याच्या थोडा खाली आणि डाळिंब-द्राक्षाचा वर. फळाच्या रसात जीवनसत्त्वं आणि क्षार असतात, कोल्ड्रिंकमध्ये नसतात, हा फरक मोठा आहेच. पण साखरेचा आकडा त्यानं कमी होत नाही.

कृषी सहाय्यक मंडळी लगेच धरतील म्हणून सांगून ठेवतो, हा दहातले आठचा नियम कागदी लिंबाला लावू नका. लिंबाचा रसही 7-8 ब्रिक्स दाखवतो, पण त्यातला बहुतेक भाग सायट्रिक आम्लाचा असतो. ब्रिक्स मीटर विरघळलेलं सगळंच मोजतं, त्याला एकटी साखर ओळखता येत नाही.

मग फळात साखर नसते का?

असते, तीच असते. मोसंबी खाल्ली काय किंवा प्यायली काय, सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तेच. एका मध्यम फळातून 10 ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. फरक आहे तो साखर कशात बांधलेली आहे याचा.

मोसंबीची फोड उघडून बघा. आत रसाच्या बारीक पिशव्या असतात, त्यावर पडदा आणि त्यावर पांढरा पापुद्रा. साखर त्या पिशव्यांमध्ये कोंडलेली असते. दातांनी चावून आणि पोटात घुसळून ती हळूहळू सुटते. यंत्रानं ते काम आधीच करून टाकलं की ती मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत हाच फरक केलाय. अख्ख्या फळातली साखर त्यांनी मर्यादेत धरलेली नाही, पण रसातली साखर मात्र मध, पाक आणि वरून घातलेल्या साखरेच्या रांगेत “मोकळी साखर” म्हणून धरली. अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास 5 टक्क्यांच्या आत, असं त्या सूचना म्हणतात. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. मोसंबीच्या एका ग्लासात त्यातले 20 संपले. दिवसाचे तीन-चार चहा अजून बाकीच आहेत.

चोथ्यात काय जातं

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात संत्र्याचे आकडे दिलेत. 100 ग्रॅम गरात 2.4 ग्रॅम तंतू आणि 100 ग्रॅम रसात 0.2 ग्रॅम. बारा पटींचा फरक. मोसंबी त्याच कुळातली. आपल्या तीन फळांच्या गरात 8-10 ग्रॅम तंतू धरले तर गाळलेल्या ग्लासात अर्धा ग्रॅम उतरतो. मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू हवेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा आपण गाळणीवर ठेवून देतो.

त्या तंतूंतला मोठा भाग पेक्टिनचा. पेरूची जेली का जमते? पेक्टिनमुळं. तेच पेक्टिन मोसंबीच्या पांढऱ्या पापुद्र्यात आणि फोडींच्या पडद्यांत भरपूर असतं. पोटात ते पाणी धरून चिकटसर होतं, त्यामुळं अन्न सावकाश पुढं सरकतं आणि साखर रक्तात सावकाश उतरते. आतड्यातले चांगले जिवाणू याच तंतूंवर जगतात. लिंबूवर्गीय फळांतलं हेस्पेरिडिन नावाचं उपयुक्त द्रव्यही या पापुद्र्यात आणि पडद्यांत जास्त असतं. आपण फोड सोलताना पांढरा धागा न् धागा काढून टाकतो, तो काढायची गरज नाही.

रस काढल्यावर चोथा जातो गोठ्यात. गाईला तो मानवतो, पेक्टिन तिला चांगलं पचतं. पण घरात बघितलं तर फळातला कसाचा माल गाईला आणि गोड पाणी पोरांना, अशी वाटणी झालेली असते.

ठिबक आणि मोकाट

आता मथळ्यातली गोष्ट. समजा एका झाडाला दिवसाला 80 लिटर पाणी लागतं. तेच 80 लिटर ठिबकनं आठ तासांत दिलं तर मुळ्या घेतात. मोटार सोडून पाच मिनिटांत आळ्यात ओतलं तर आळं भरून वाहतं, मुळ्या गुदमरतात आणि दोन दिवसांनी झाड पुन्हा तहानलेलं दिसतं. साखरेचं शरीरात तसंच होतं. फळ ठिबकनं साखर सोडतं, रस मोकाट.

यावर 1977 सालचा एक जुना प्रयोग आहे, इंग्लंडमधला, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं. अख्खं, कुस्करून लगदा केलेलं आणि रस. तिन्हीत कर्बोदकं सारखीच, 60 ग्रॅम. रस अख्ख्या फळापेक्षा 11 पट वेगानं पिऊन झाला. मग तिन्ही एकाच गतीनं द्यायला लावले, तरी रसानं पोट भरल्यासारखं सगळ्यात कमी वाटलं, लगद्यानं त्याहून बरं आणि अख्ख्या फळानं सगळ्यात जास्त.

आणि एक बारकावा. रक्तातली साखर वर चढली ती तिन्हींत जवळपास सारखीच. पण रसानंतर इन्सुलिन जास्त सुटलं आणि नंतर साखर झपकन खाली आली. अख्ख्या फळानंतर ती तशी पडली नाही. खाली आली की पुन्हा भूक लागते. दुपारी ग्लासभर रस पिऊन तासाभरात फरसाणाच्या पुडीकडं हात जातो, त्यात हा भाग असतो. म्हणून “रसानं शुगर दुप्पट चढते” असे मेसेज फिरतात ते डोळे झाकून पुढं पाठवू नका. एवढ्याच साखरेचं फळ आणि एवढ्याच साखरेचा रस यात चढण्याचा फरक लोक सांगतात तेवढा नसतो. खरा फरक असा की रसात आपण एवढ्यावर थांबत नाही, तिप्पट घेतो.

उसाचं बघा. दातांनी सोलून ऊस खाल्ला तर दोन-तीन कांड्यांत जबडा दुखायला लागतो. इथं चोथा आपण गिळतही नाही, थुंकून टाकतो, म्हणजे तंतूंचा फायदा काही नाही. तरी साखर मोजकीच पोटात जाते, कारण गती दातांच्या हातात असते. रसवंतीवर तोच ऊस चरकातून दोनदा निघाला की ग्लासात उतरतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शक सूचनांत उसाच्या 100 मिली रसात 13 ते 15 ग्रॅम साखर सांगितलीय. ऊस चावणं म्हणजे कॉक बारीक ठेवणं, चरक म्हणजे कॉक पूर्ण उघडणं. मोसंबीत गती आणि तंतू, असं दोन्हीकडून नुकसान होतं.

लांब मुदतीचा अभ्यासही आहे. 2013 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या 1,87,382 आरोग्य कर्मचाऱ्यांचा अनेक वर्षांचा तपशील आला. अख्खी फळं, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद, जास्त खाणाऱ्यांत टाइप 2 मधुमेह कमी दिसला. रस जास्त पिणाऱ्यांत तो थोडा जास्त दिसला. आठवड्यातून तीन वेळा रसाऐवजी फळ घेतलं तर धोका सुमारे 7 टक्क्यांनी कमी, असा त्यांचा हिशोब. हे निरीक्षण आहे, प्लॉट पाडून केलेला प्रयोग नाही, त्यामुळं रसच कारण आहे असं त्यावरून शंभर टक्के म्हणता येत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या द्राक्षाला “साखरेचं पोतं” म्हणून शुगरवाले हात लावत नाहीत, ते अख्खं खाणाऱ्यांच्या बाजूनं आकडे चांगले आलेत.

रसाची बाजू

रस अगदीच टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. त्याच्या जमेच्या बाजू अशा:

जीवनसत्त्व क ताज्या रसात जवळपास फळाइतकंच असतं. संत्र्याच्या 100 ग्रॅम गरात 53 मिलिग्रॅम तर रसात 50. “यंत्रात घातलं की व्हिटॅमिन मरतं” ही अतिशयोक्ती आहे. मात्र रस उघडा ठेवला, तापवला, तांब्याच्या भांड्यात ठेवला तर ते घटत जातं. काढला की प्यावा.

पोटॅशियम रसात उतरतं. पिवळा-नारिंगी रंग देणारी कॅरोटिनॉइड्स तर फळापेक्षा रसातून जास्त सहज शोषली जातात, कारण पेशी आधीच फुटलेल्या असतात.

डाळिंबाचं आणखी वेगळं आहे. अख्खं फळ दाबून कारखान्यात रस काढतात तेव्हा सालीतलं प्युनिकॅलाजिन नावाचं द्रव्य रसात येतं. 2000 साली आलेल्या एका अभ्यासात अशा कारखानी रसाची अँटिऑक्सिडंट ताकद नुसत्या दाण्यांच्या रसापेक्षा जास्त भरली होती. घरी आपण दाणे काढून मिक्सरला लावतो, त्यात साल नसते. आणि दाणे चावून खाल्ले तर 100 ग्रॅममागं 4 ग्रॅम तंतू मिळतात, बी पोटात जाते. गाळलेल्या रसात तंतू जवळपास शून्य.

आणि एक वेळ अशी असते की तिथं रसच हवा. आमच्या अण्णांना बरीच वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मागच्या उन्हाळ्यात जेवण लांबलं आणि बागेतच त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं तुटक झालं. साखर खाली गेली होती. अशा वेळी मोसंबी सोलत बसायचं नसतं. लगेच 15 ग्रॅम साखर पोटात जायला हवी. तीन चमचे साखर पाण्यात, नाहीतर अर्धा ते पाऊण ग्लास रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, बरं वाटलं की भाकरी खायला द्यायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. ज्याच्या घरी शुगरचा माणूस शेतात कामाला जातो, त्यानं हे पाठच करून ठेवावं. ज्या वेगामुळं रस रोजच्या वापरात नडतो, त्याच वेगामुळं तो त्या दिवशी कामाला आला.

बाकी दिवशी अण्णांचं म्हणणं एकच असायचं, “घरच्या झाडाची मोसंबी आहे, तिला काय दुकानातली साखर घातलीय का?” डॉक्टरांनी त्यांना समजावलं, “अण्णा, फळ बंद करू नका, रस बंद करा. दिवसाला एक मोसंबी, चावून खायची, जेवणाला जोडून नाही, मधल्या वेळेला.” तेव्हापासून अण्णा दुपारी बांधावर बसून एक फळ खातात. ते सोलायला आणि खायला त्यांना वीस मिनिटं लागतात. किती खायचं हे प्रत्येकानं आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांना तर फळ आणि रस दोन्हींतल्या पोटॅशियमचा विचार करावा लागतो, त्यांनी माझ्या लिखाणावर जाऊ नये.

बाळ, आजी आणि पेशंट

आपल्याकडं चार-पाच महिन्यांच्या बाळाला मोसंबीचा रस चमच्यानं पाजायची रीत आहे. आजी प्रेमानं करते, पण ती बदलायला हवी. सहा महिने फक्त आईचं दूध, हे आशाताई सांगतातच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2017 साली तर वर्षाच्या आतल्या बाळाला रस देऊच नका असं सांगितलं आणि एक ते तीन वर्षांच्या मुलांना दिवसाला 120 मिलीच्या वर नको म्हटलं. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की बी आणि पडदा काढून मऊ गर कुस्करून द्यावा.

जुलाब लागलेल्या पोराला रस पाजू नका. त्यातल्या साखरेनं आतड्यात आणखी पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढू शकतात. तिथं ओआरएसच.

दात नसलेल्या आजीला, तोंड आलेल्या माणसाला, ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पातळच द्या म्हटलेल्या पेशंटला रस ठीक आहे. पण तोही छोट्या ग्लासात, न गाळता. बाकी दवाखान्यात भेटायला जाताना बाटलीभर रस नेण्यापेक्षा चार फळं आणि एक चाकू न्या. पेशंटशेजारी बसून फोडी सोलून द्यायला वेळही चांगला जातो.

अंगात रक्त कमी असलेल्या बायाबापड्यांसाठी एक उपाय. मेथी-तांदळजाच्या भाजीतलं, बाजरीच्या भाकरीतलं लोह शरीरात नीट शोषलं जायला जीवनसत्त्व क मदत करतं. जेवताना भाजीवर लिंबू पिळा किंवा जेवणासोबत मोसंबीच्या दोन-चार फोडी खा. शुगर असेल तर लिंबूच बरं. आणि जेवल्याबरोबर चहा पिऊ नका, तो लोह अडवतो.

डब्यातला रस

“फ्रूट ड्रिंक” आणि “ज्यूस” हे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्या नियमांप्रमाणं फ्रूट ड्रिंकमध्ये 10 टक्के रस असला तरी चालतो, लिंबाच्या पेयात तर 5 टक्केच. बाकी पाणी आणि साखर. जे “100 टक्के ज्यूस” म्हणून विकलं जायचं, त्यातलंही बरंचसं आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून केलेलं असतं. जून 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं कंपन्यांना लेबल आणि जाहिरातीतून “100 टक्के फळांचा रस” हा दावा काढायला सांगितलं. डबा हातात घेतला की पुढचं फळाचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा.

मोसंबीचा रस डब्यात का टिकत नाही, हेही आपल्या कामाचं आहे. अख्ख्या फळाच्या पेशींत एक बिनकडू द्रव्य असतं. फळ चिरडलं की ते आंबट रसात मिसळतं आणि हळूहळू लिमोनिन तयार होतं, तेच कडू लागतं. म्हणून ताजा रस गोड आणि काही तासांनी कडवट. यंत्रानं साल आणि बिया जास्त दाबल्या तर कडवटपणा आणखी वाढतो. निसर्गानं मोसंबी साठवून पिण्यासाठी केलेलीच नाही म्हणायची.

मग आपण विकायचं काय?

आता सगळ्यात अवघड भाग. आमच्या गटात महामार्गाच्या कडेला ज्यूस सेंटर टाकायचं चाललंय. गणित सरळ आहे. ग्लासामागं आपला अर्धा किलोच्या वर माल खपतो, फळ खाणारा एकच फळ खातो. शिवाय कोळीमुळं मंगू झालेली, डागाळलेली फळं बाजारात मातीमोल जातात, ती आतून चांगली असतात आणि रसाला चालतात. हे सोडून द्या असं मी कुणालाच सांगणार नाही. शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

मी वरचे आकडे बैठकीत ठेवले, तर आप्पा म्हणाले, “अरे बाबा, तू बागायतदार आहेस का डॉक्टर?” मी म्हटलं, “आप्पा, गिऱ्हाईक टिकलं तर बागायतदार. आज रस पिणारा माणूस उद्या शुगर निघाली की मोसंबीच बंद करतो. फळ खायची सवय लागलेला माणूस वर्षानुवर्षं घरी दोन-दोन किलो नेतो.”

बचत गटाच्या वहिनींनी मुद्द्याचं बोट ठेवलं. “भावजी, लोकांना फळ नको नसतं, सोलायचा कंटाळा असतो. हात चिकट होतात, गाडीत बिया थुंकायच्या कुठं?” एवढ्या चर्चेत मला पटलेलं हे पहिलं व्यवहाराचं वाक्य. डाळिंबाचे काढलेले दाणे द्रोणात हातोहात जातात, मग मोसंबीच्या सोललेल्या फोडी का जाणार नाहीत?

ठरलं ते असं. एक, सोललेल्या फोडींचा द्रोण, वर पाहिजे तर तिखट-मीठ. सकाळी सोललेलं त्याच दिवशी संपवायचं, झाकून गारव्यात ठेवायचं, हात आणि पाणी स्वच्छ. दोन, रस मिळेल, पण 150 मिलीचा ग्लास, गर असलेला, न गाळलेला आणि साखर न घालता. तीन, मागं बोर्ड लावायचा, “आमच्या एका ग्लासात साखर किती”, आणि त्या दिवशीचा ब्रिक्स आकडा खडूनं लिहायचा. आप्पांना तिसरा मुद्दा पटलेला नाही. त्यांचं म्हणणं, आपल्याच दुकानात आपल्याच मालाची बदनामी कशाला. माझं म्हणणं, व्यापाऱ्याला ब्रिक्स दाखवताना आपल्याला अभिमान वाटतो, तर गिऱ्हाईकाला दाखवताना लाज कशाची. बोर्डाचा निर्णय पुढच्या बैठकीत होईल.

थोडक्यात, घरासाठी

चावता येतंय तोवर फळ चावून खा. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला 100 ग्रॅम फळ सांगते आणि रसापेक्षा अख्खं फळ बरं असंच म्हणते. 100 ग्रॅम म्हणजे साधारण एक लहान मोसंबी किंवा एक पेरू. पेरूत तर जीवनसत्त्व क संत्र्याच्या चौपट आणि तंतू दुप्पट, शिवाय त्याचा रस काढायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, हे आपलं नशीब.

पांढरा पापुद्रा सगळा काढू नका. डाळिंबाची बी थुंकू नका. रस काढलाच तर गाळू नका, साखर घालू नका, ग्लास लहान घ्या आणि काढल्याबरोबर प्या. तहान लागली तर पाणी प्या, रस ही तहानेची वस्तू नाही.

ज्यांच्याकडं ब्रिक्स मीटर आहे त्यांनी या आठवड्यात एक करा. तुमच्या फळाचा ब्रिक्स, चार फळांचं वजन, निघालेला रस आणि उरलेला चोथा, असे चार आकडे वहीत लिहा आणि इथं कळवा. आंबे बहार आणि मृग बहार यांत किती फरक पडतो ते मला बघायचंय. संत्रावाल्या वैदर्भीय मित्रांचे आणि सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्यांचे आकडे आले तर सगळ्यांचा मिळून एक तक्ता करून पुढच्या नोंदीत देतो.